इंटरॅक्शन डिझाइनचा विद्यार्थी-प्रकल्प मध्यावर आल्यावर करायचे चिंतन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरॅक्शन डिझाइनचा, म्हणजे माणसे ॲप किंवा उपकरण कसे वापरतील याच्या आखणीचा, सत्रभराचा प्रकल्प निम्म्यावर येतो, मध्यावरची ज्यूरी (परीक्षकांसमोरचे सादरीकरण) तोंडावर असते आणि गाईड सांगतात, "आतापर्यंतच्या कामावर चिंतन लिहून आणा." त्या वेळी विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित प्रकल्प उदाहरणादाखल घेतला आहे. फलटणसारख्या तालुक्याच्या गावी, एसटी बसस्थानकावर प्रवाशांना गाड्यांची माहिती देणारे मोबाइल ॲप, चार विद्यार्थ्यांचा गट आणि सोळा आठवड्यांचे सत्र असा तो प्रकल्प आहे. ब्रीफमधले (प्रकल्पाचे काम नेमून देणाऱ्या टिपणातले) मूळ वाक्य असे समजू या: "प्रवाशांना एसटीचे वेळापत्रक सहज शोधता यावे."

हे चिंतन आणि प्रगती अहवाल यांत फरक काय?

प्रगती अहवाल काय केले ते सांगतो. काम करताना आपली समजूत कुठे आणि कशामुळे बदलली, हे चिंतन सांगते. "तिसऱ्या आठवड्यात स्थानकावर जाऊन प्रवाशांच्या मुलाखती घेतल्या, पाचव्या आठवड्यात वायरफ्रेम (ॲपच्या स्क्रीनचे, म्हणजे पडद्यांचे, कच्चे आराखडे) तयार केल्या" हे अहवालाचे वाक्य झाले. "प्रवाशांना वेळ ठाऊक नसते असे आम्ही गृहीत धरले होते; प्रत्यक्षात नेहमीच्या प्रवाशांना वेळ तोंडपाठ असते आणि त्यांची अडचण गाडी ओळखण्याची असते, असे निरीक्षणांत दिसले, म्हणून शोधाचा पडदा आम्ही पहिल्या स्थानावरून हटवला" हे चिंतनाचे वाक्य झाले. दुसऱ्या वाक्यात गृहीतक, पुरावा आणि निर्णय अशा तीन गोष्टी एकमेकींना धरून येतात. यांपैकी एक जरी गळली तरी वाचणाऱ्याला तुमचा विचार तपासता येत नाही. माझ्या मते मध्यावरच्या लेखनाची खरी कसोटी हीच आहे. केलेल्या कामाची लांबलचक जंत्री कितीही नेटकी असली, तरी ती या कसोटीला उतरत नाही.

मध्य म्हणजे नेमका कोणता आठवडा धरायचा?

दिनदर्शिकेप्रमाणे आठवा आठवडा. मात्र कामाचा मध्य वेगळ्या ठिकाणी असू शकतो. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००० च्या दशकाच्या मध्यास मांडलेली 'डबल डायमंड' ही आकृती बहुतेक अभ्यासक्रमांत शिकवली जाते. तिच्यात एक समभुज चौकोन समस्या समजून घेण्याचा आणि दुसरा उपाय शोधण्याचा असतो; ते जिथे टोकाला टोक लावून भेटतात, तो बिंदू म्हणजे समस्या निश्चित झाल्याची जागा. आठव्या आठवड्यात तुम्ही त्या बिंदूच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे चिंतनात सरळ लिहावे. अलीकडे असाल तर ते अपयश नव्हे, पण उरलेल्या आठवड्यांचे गणित त्यानुसार बदलते. ते गणित मांडले नाही तर चौदाव्या आठवड्यात सगळा गट रात्रंदिवस फक्त पडदे रंगवत बसतो.

डिझाइनच्या शिक्षणात चिंतनाला एवढे महत्त्व का दिले जाते?

या विचारामागे मुख्यतः डोनाल्ड शॉन यांचे काम आहे. व्यावसायिक माणसे काम करताना कसा विचार करतात याचा अभ्यास त्यांनी १९८३ साली मांडला. काम चालू असताना होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार असा भेद त्यांनी केला. त्यांच्या विवेचनात वास्तुकलेच्या स्टुडिओतला एक प्रसंग फार बारकाईने येतो. एक विद्यार्थिनी उताराच्या जमिनीवर शाळेची इमारत बसवू पाहते आणि ती काही केल्या बसत नाही. शिक्षक तिच्या आराखड्यावर नुसती दुरुस्ती करत नाहीत, तर प्रश्नच नव्याने मांडून तिच्यासमोर रेखाटू लागतात, आणि प्रत्येक रेषेनंतर जागा काय उत्तर देते ते पाहतात.

इंटरॅक्शन डिझाइनमध्ये ही 'जागा' म्हणजे माणसे आणि त्यांची परिस्थिती. तुमचा प्रोटोटाइप (चाचणीसाठीचा नमुना) हातात घेतल्यावर प्रवासी जे करतो, ते तुमच्या मांडणीला मिळालेले उत्तर असते. मध्यावर थांबून ती उत्तरे वाचायची असतात.

आमचा मूळ प्रश्नच बदलला आहे. हे ज्यूरीसमोर कसे मांडावे?

विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त धास्ती याच प्रश्नाची असते, आणि माझ्या दृष्टीने यातच सर्वांत मौल्यवान ऐवज असतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उदाहरणातील गटाच्या क्षेत्रनोंदींत पुढील प्रसंग आहे असे समजा. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक बाई चौकशीच्या खिडकीपाशी येतात आणि विचारतात, "वडूजची लागली का?" वाहतूक नियंत्रक मान वर न करता सांगतात, "लागंल आता, चार नंबरला." बाई चार नंबरच्या फलाटाकडे जातात. तिथे गाडी उभी असते. त्या पाटीकडे बघतात, शेजारच्या मुलाला विचारतात, आणि तरीही दारात उभ्या असलेल्या वाहकाला पुन्हा विचारतात, "दहिवडीवरनं जाती का?" वाहक "बसा" म्हणतो, तेव्हा त्या चढतात.

या दोन-तीन मिनिटांत तीन प्रश्न पुढे आले: गाडी लागली का, कुठल्या फलाटावर लागणार, आणि कोणत्या मार्गे जाणार. मार्ग एखाद वेळी वेळापत्रकात सापडेल, पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे छापील वेळापत्रकात असूच शकत नाहीत, कारण ती त्या त्या दिवशी, त्या त्या वेळी ठरतात. शिवाय बाईंनी एकच गोष्ट तीन माणसांकडून पडताळून घेतली. याचा अर्थ त्यांची गरज माहिती शोधण्याची कमी आणि खात्री करून घेण्याची जास्त आहे. ब्रीफमधले क्रियापद 'शोधणे' होते. क्षेत्राने त्या जागी 'खात्री करणे' हे क्रियापद दिले.

हे ज्यूरीसमोर मांडताना मूळ प्रश्न, नवा प्रश्न आणि या दोहोंमधला पुरावा एकाच पानावर, एकाखाली एक ठेवावा. मूळ प्रश्न लपवू नये. तो चुकीचा होता असेही म्हणण्याचे कारण नाही, कारण त्याच्यामुळेच तुम्ही स्थानकावर गेलात. मग नव्या प्रश्नामुळे कोणते जुने काम उपयोगी राहते आणि कोणते बाजूला पडते, ते लिहावे. शेवटी, नव्या प्रश्नातले कोणते गृहीतक अजून तपासलेले नाही, तेही नोंदवावे. आपल्या उदाहरणात ते उघड आहे: गाडी कोणत्या फलाटावर लागणार ही माहिती ॲपकडे येणार कुठून? आज ती नियंत्रकांच्या डोक्यात आणि ध्वनिक्षेपकावर असते. म्हणजे नियंत्रक हे या प्रकल्पाचे दुसरे वापरकर्ते झाले, आणि त्यांच्या कामाचे निरीक्षण केल्याविना प्रवाशांसाठी आखलेला पडदा पोकळ राहील. ही जाणीव आठव्या आठवड्यात झाली तर प्रकल्प वाचतो.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. प्रश्न बदलला म्हणजे दर वेळी शिकणे झालेच असे नाही. कधी गट कंटाळतो, कधी एखादे आकर्षक तंत्रज्ञान दिसते आणि प्रश्न त्याच्या मागे जातो. फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की, बदलाच्या आधीच्या तारखेची, बदलाकडे बोट दाखवणारी नोंद तुमच्या वहीत असली पाहिजे.

चिंतनासाठी कोणत्या नोंदी हाताशी असाव्यात?

क्षेत्रनोंदींची मूळ वही, स्थानकावर काढलेली छायाचित्रे, मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणातील निवडक उतारे, अफिनिटी मॅपिंगच्या (सारख्या आशयाच्या नोंदींच्या चिठ्ठ्या एकत्र लावण्याच्या) भिंतीची वेगवेगळ्या दिवशी काढलेली छायाचित्रे, टाकून दिलेली रेखाटने, आणि गाईडशी झालेल्या प्रत्येक चर्चेनंतर लिहिलेले दोन-चार ओळींचे टिपण. फिग्मा या पडदे आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे जुने टप्पे पाहता येतात, म्हणून मागचे काम पुसून त्यावरच नवे करण्यापूर्वी त्या टप्प्याला नाव देऊन ठेवावे.

टाकून दिलेली रेखाटने विशेष जपावीत. अंतिम पडदा फक्त निर्णय दाखवतो, पण त्या निर्णयाआधी कोणते पर्याय समोर होते ते टाकलेल्या कागदांवरच असते. लोक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवावे. "दहिवडीवरनं जाती का?" याचे "प्रवाशाने मार्गाविषयी चौकशी केली" असे रूपांतर वहीतच करून टाकले, तर त्या वाक्यातली धाकधूक हरवते आणि विश्लेषणाच्या वेळी ती परत मिळत नाही.

पाच जणांबरोबर चाचणी घेतली. ती पुरेशी आहे का?

पाचाचा आकडा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्यामुळे सर्वतोमुखी झाला. नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार, त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक वापरकर्ता सरासरीने सुमारे ३१ टक्के अडचणी उघड करतो. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. या आकड्यामागची गृहीतके लक्षात ठेवावीत. वापरकर्ते साधारण एकाच प्रकारचे आहेत आणि चाचणीचा हेतू वापरातल्या अडचणी शोधणे हा आहे, असे त्यात धरलेले आहे. पास काढून रोज कॉलेजला जाणारी मुलगी, आठवडी बाजाराला आलेला शेतकरी आणि दवाखान्यात निघालेले आजोबा हे एका प्रकारचे वापरकर्ते नव्हेत. तेव्हा प्रत्येक प्रकारातले थोडे थोडे लोक घ्यावेत, दुरुस्ती करावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. स्वतः नील्सन यांचाही भर एकाच मोठ्या चाचणीपेक्षा अनेक छोट्या फेऱ्यांवर आहे.

मग सिस्टिम युजेबिलिटी स्केलचे गुण मध्यावर द्यावेत का?

जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली भरून घ्यायला सोपी आहे, म्हणून विद्यार्थी ती लगेच वापरतात. तिचे गुण ० ते १०० असे असले तरी ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपासचा गुण साधारणतः सरासरी मानला जातो. पाच जणांच्या उत्तरांवरून काढलेला गुण फार डळमळीत असतो. त्यापेक्षा एक प्रवासी कोणत्या पडद्यावर थबकला, तेव्हा तो काय पुटपुटला आणि त्याने फोन नातवाच्या हातात का दिला, याचे चार ओळींचे वर्णन ज्यूरीला कितीतरी अधिक सांगते.

प्रोटोटाइप अगदी कच्चा आहे. तो दाखवावा का?

अवश्य दाखवावा. कच्चा नमुना पाहून लोक मोकळेपणाने बोलतात. गुळगुळीत पडद्यांसमोर ते रंग आणि चिन्हांविषयी बोलू लागतात. मध्यावर हवे असते ते कल्पनेच्या मुळाविषयीचे मत. आपल्या उदाहरणात फलाटाची ताजी माहिती देणारी यंत्रणा अस्तित्वात नसतानाही चाचणी घेता येते. गटातील एकाने चौकशीच्या खिडकीजवळ उभे राहून गाडी लागल्याची बातमी फोनवरून कळवायची, दुसऱ्याने ती प्रवाशाच्या हातातल्या नमुना-पडद्यावर पोहोचवायची. यंत्रणेची भूमिका माणसाने वठवायची, एवढाच याचा अर्थ. अशा एका दुपारीत, बातमी किती मिनिटे आधी मिळाली तर उपयोगी पडते आणि किती उशिरा मिळाली तर लोक ॲप बंद करून खिडकीकडेच चालू लागतात, हे नजरेस पडते.

मराठी मजकूर अंतिम टप्प्यात घातला तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. लॅटिन लिपीतला भरणीचा मजकूर घालून आखलेला पडदा देवनागरी आल्यावर मोडतो. वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात; त्यामुळे ओळींमधले अंतर वाढवावे लागते आणि बारीक आकारात 'र्मि' किंवा 'ष्ट्रू' यांसारखी अक्षरे काळवंडतात. "फलटण–वडूज, मार्गे दहिवडी" हा मजकूर एका ओळीत बसतो की नाही, हे खरा मजकूर लिहूनच कळते.

शोधाच्या चौकटीचा प्रश्न याहून खोल आहे. कोणी 'वडूज' लिहील, कोणी 'वडुज'. कोणी 'दहिवडी', कोणी 'दहीवडी'. आणि पुष्कळ जण रोमन अक्षरांत लिहितील. मराठी टंकलेखन स्वतःच एक डिझाइन-प्रश्न आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात विकसित झालेल्या 'स्वरचक्र' या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती स्वरांचे चक्र उमटते. लिपीच्या रचनेतूनच मांडणी कशी काढता येते, याचा तो चांगला नमुना आहे. तुमचा प्रकल्प कळफलकाविषयी नसला तरी, टाइप करायला न लावता काम होईल का, हा प्रश्न मध्यावर विचारायलाच हवा.

सुगम्यतेचेही, म्हणजे दृष्टी किंवा वय कसेही असले तरी वापरता येण्याचेही, हेच. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतका काँट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) असावा, असे वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. मे महिन्यातल्या दुपारी, उघड्या फलाटावर, वयस्क डोळ्यांना हा किमान आकडासुद्धा अपुरा पडू शकतो. म्हणून नमुना उन्हात नेऊन पाहावा.

काय वगळायचे हे कसे ठरवावे?

नव्या प्रश्नाला जे उत्तर देत नाही, ते वगळावे. समजा गटाने तिकीट-दर काढून देणारा पडदा आखला आहे. काम आकर्षक आहे आणि त्यात बारकावेही आहेत: ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, हे सारे त्या पडद्याला सांभाळावे लागेल. पण खिडकीवरच्या नोंदींत दराचा प्रश्न जवळपास कोणी विचारलेला नसेल, आणि तिकीट शेवटी वाहकच देणार असेल, तर तो पडदा बाजूला ठेवावा. चिंतनात मात्र तो का बाजूला ठेवला हे दोन वाक्यांत लिहावे. विचारपूर्वक सोडलेली गोष्ट ही झालेल्या कामाचाच भाग असते.

ज्यूरीतील दोघांनी परस्परविरोधी सूचना दिल्या. कोणाचे ऐकावे?

सूचना आणि तिच्यामागची काळजी वेगळी करावी. एक परीक्षक म्हणतात, "ॲपऐवजी स्थानकावर मोठा फलक करा", दुसरे म्हणतात, "ॲपमध्येच आवाजी उत्तरे द्या." उपाय वेगळे असले तरी दोघांची काळजी एकच आहे: ज्याला स्मार्टफोन सफाईने वापरता येत नाही, त्याचे काय? ती काळजी आपल्या शब्दांत लिहून परीक्षकांना वाचून दाखवावी आणि ती बरोबर टिपली आहे ना, हे विचारावे. उपाय कोणता निवडायचा ते पुढच्या चाचणीवरून ठरवावे. परीक्षकांच्या ज्येष्ठतेवरून ठरवू नये.

गटाचे चिंतन एकत्र लिहावे की स्वतंत्र?

दोन्ही. निर्णयांचा भाग एकत्र लिहावा. स्वतः काय शिकलो तो भाग प्रत्येकाने स्वतंत्र लिहावा. गटात मतभेद असतील तर तेही एकत्रित भागात नोंदवावेत, व्यक्तींची नावे न घेता, मुद्द्याच्या रूपात.

छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे वापरताना कोणती काळजी घ्यावी?

मुद्रण सुरू करण्याआधी संमती घ्यावी, हेतू साध्या मराठीत सांगावा आणि नको म्हटल्यास लगेच थांबावे. अहवालात नावे बदलावीत आणि चेहरे झाकावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती लागते, हे शाळकरी प्रवाशांशी बोलताना विसरू नये. मध्यावर हेही तपासावे की ही सामग्री कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून आहे. ती एका सुरक्षित जागी आणून बाकीच्या प्रती पुसून टाकाव्यात.

चिंतन लिहायला एआयची मदत घ्यावी का?

शुद्धलेखन किंवा उतारे टंकित करण्यासाठी घेतली तर ते स्पष्ट नमूद करावे. बोलीतले उतारे मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावेत, कारण तिथे यंत्राची गफलत सहज होते. मुलाखतींचा अर्थ लावण्याचे काम मात्र गटानेच करावे. स्थानकावर तुम्ही उभे होता, आणि त्या बाईंच्या आवाजातली अस्वस्थता तुम्ही ऐकली आहे.

उरलेल्या आठ आठवड्यांचे नियोजन चिंतनात कसे यावे?

न तपासलेल्या गृहीतकांपासून उलटे मोजत यावे. आपल्या उदाहरणात सर्वांत धोक्याचे गृहीतक नियंत्रकांविषयी आहे, म्हणून नवव्या आठवड्यात स्थानकप्रमुखांची परवानगी घेऊन त्यांच्या कामाचे निरीक्षण करावे आणि गाडी लागल्याची नोंद करण्याची सवड त्यांना गर्दीच्या वेळी मिळते का, ते पाहावे. सवड मिळत नसेल तर ध्वनिक्षेपकावरची घोषणा हाच माहितीचा स्रोत धरून दहाव्या आठवड्यात नवा नमुना करावा. अकरावा आणि बारावा आठवडा चाचणीच्या दोन छोट्या फेऱ्यांसाठी ठेवावा, आणि त्यांतली एक फेरी बाजाराच्या दिवशी घ्यावी. तेरावा आठवडा दुरुस्तीचा. चौदाव्यात शेवटची चाचणी झाली की नवे पडदे जोडणे थांबवावे. पंधरावा आणि सोळावा आठवडा मांडणी, लेखन आणि छपाई यांना लागतोच. अंतिम नमुना नियंत्रकांना आणि खिडकीवर भेटलेल्या प्रवाशांपैकी जे पुन्हा भेटतील त्यांना दाखवायला स्थानकावर जायचे आहे. त्यासाठीचा दिवसही याच दोन आठवड्यांत आधीच राखून ठेवावा.